पियानोवर पायपेटीचा हात

शाळा मी चौथीपर्यंतच शिकलो, आणि पेटी तर मला कुणीच शिकवली नाही. कळमेश्वरकडच्या कुठल्याही गावची गळकी पेटी पुढ्यात ठेवा, भाता दोनदा हलवला की तिचा स्वभाव मला कळायचा. बायको गायची, मी वाजवायचो. जयंतीच्या दिवसांत गावोगाव कार्यक्रम, आम्हाला उसंत नसायची.

धंतोलीतल्या एका शाळेच्या हॉलात, शहरातल्या शिकलेल्या लोकांपुढे ती पहिल्यांदाच गाणार होती. एसटीच्या टपावरून पेटी उतरवली तर भाता फाटलेला. कुणाची तरी ट्रंक घुसली होती. स्टेजवर पियानो होता.

"काहून घाबरतं वं? पट्ट्या त्याच, सूर तेच," मी म्हणालो.

"आज गाणं पडलं तं पुन्हा तोंड उघडणार नाही मी. सांगून ठेवते."

बसलो. खाली पाहिलं तर दोन पायडल. म्हटलं, ही तर पायपेटीच! हवा भरायला दोन्ही पाय हाणायला लागलो. तिनं सूर लावला, मी काळी चारची पट्टी दाबून धरली, आणि सूर विझत गेला. पेटीचा सूर हवा असेपर्यंत उभा राहतो, हा उमटतो आणि निघून जातो. मग मी पट्ट्यांवर जोर काढला, तर तिचा आवाज पार बुडाला. पायांमुळे सगळे सूर एकमेकांत कालवले गेले. लोक हसले. ती गाताना थांबली.

शाळेच्या संगीताच्या म्हाताऱ्या बाई पहिल्या रांगेतून उठून आल्या. हळूच म्हणाल्या, "दादा, पाय काढा. याला हवा लागत नाही, पायडलनं नुसते सूर लांबतात. आत हातोड्या आहेत, त्या तारांवर पडतात. बोट जसं पडेल तसा आवाज."

कुणाचं ऐकायची मला सवय नाही. पण पाय काढले.

एक पट्टी अलगद दाबली. इतका बारीक सूर आला की माझाच श्वास मोठा वाटला. तीच पट्टी थोडं वजन देऊन दाबली, तर सूर भरून आला. पेटीत साऱ्या सुरांना एकच भाता, चढला तर सगळेच चढतात. इथं दहा बोटांना दहा भाते! इतकी वर्षं वाजवून माझ्या बोटांना हे ठाऊकच नव्हतं.

"म्हण वं," मी म्हणालो.

"सांभाळाल ना?"

"म्हण तं!"

ओळीच्या सुरुवातीला एक सूर द्यायचा आणि थांबायचं, एवढंच केलं. तिचा आवाज खाली आला की मीही बोट हलकं करायचो. ओळ सोडताना तिच्या आवाजात एक बारीक थरथर होती. पंधरा वर्षं शेजारी बसून ती मी कधी ऐकली नव्हती. माझ्या पेटीखाली दबून राहिली असणार.

टाळ्या झाल्या. परतताना एसटीत ती म्हणाली, "आज कुठं तुम्ही माह्यं गाणं ऐकलं."

"पियानो बरा होता," मी म्हणालो.

"हो, पियानोच!" ती हसली. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "पुढल्या खेपेले हेच गाणं एक पट्टी वर घेऊ. जमते मले."