समुद्राचं गेट बंद करा

चहा येईपर्यंत सांगतो, पण आमच्या गावात कुणाला कळता कामा नये. आता काय सांगू तुम्हाला, आयुष्यात मूर्खपणा पुष्कळ केला, पण एवढा ओलाचिंब मूर्खपणा एकदाच!

तेलगावकडच्या आमच्या पाणीवापर संस्थेचा मी सेक्रेटरी. धरणातून कालव्याला पाणी सुटलं की कुणाच्या रानाला कधी द्यायचं, ते ठरवणारा मी. त्या दुष्काळात मात्र दोन वर्षं कालव्यात शेळ्या चरत होत्या आणि मी नुसताच सेक्रेटरी होतो.

अशात आमच्या पल्लवीला अठरा पूर्ण होणार होती. मी म्हणालो, हॉल घेऊ, केक कापू, सगळं गाव बोलवू!

"पाव्हन्यांना हात धुवायला पानी कुठून आननार, पप्पा?" ती म्हणाली. "त्यापरीस मला समुद्र दाखवा."

बोला आता! बायकोला चारा छावणीत म्हशींपाशी थांबणं भाग होतं. आम्ही एसटीत चढताना तिने एकच सांगितलं, "पोरीला जशी नेताय तशी माघारी आना." आणि इकडे मला पोहता येत नाही हो. शिकणार कशात? टँकरमध्ये?

वाढदिवसाच्या सकाळी कोकणातल्या एका गावी पोचलो. किनाऱ्यावर जाऊन बघतो तर पाणी पार लांब सरकलेलं, अलीकडे नुसती ओली वाळू! खरं सांगतो, माझ्या जिवात जीव आला.

"बघ, हितंबी दुष्काळच हाय," मी म्हणालो.

पल्लवी त्या वाळूवरून चालत चालत पुढच्या एका खडकावर जाऊन बसली आणि फोटो काढू लागली. मी दशम्यांचं फडकं सोडलं, दोन खाल्ल्या आणि तिथेच आडवा झालो. रात्रभर एसटीत बसून अंग आंबलं होतं, डोळा लागला.

जाग आली ती पाय ओले झाले म्हणून. समोर बघतो तर खडकाच्या चारी बाजूंनी पाणी, आणि मध्ये माझी पोर!

आता तुम्हीच विचार करा. आभाळात ढग नाही, पावसाचा थेंब नाही, आणि पाणी तर वाढतंय. पंधरा वर्षं सेक्रेटरी असलेला माणूस काय समजणार? वरून कुणीतरी गेट उघडलं!

"पानी सुटलंय! पळा, पळा!" मी बोंब ठोकली.

शेजारी एक म्हातारी कोळीण मासळी वाळत घालत होती. ती जागची हलेना.

"मावशी, तुमचा गेटवाला कोन हाय? बंद कर म्हनावं!"

"कसला गेट, दादा?"

मी फोन काढला. फोनमध्ये गेटवाला एकच, आमच्या कालव्यावरचा बाबूराव. त्यालाच लावला.

"बाबूराव, गेट बंद कर! पल्लवी अडकली!"

"सायेब, दोन वर्षं झाली, गेट उघडलंच न्हाई. बंद काय करू?"

हसू नका! त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे बायको उभी होती, छावणीच्या तोंडाशी, मला एकट्याला एसटीतून उतरताना बघत. कुठल्या तोंडाने घरी जायचं? पोरीशिवाय जगायचं तरी कसं? चपला भिरकावल्या आणि धावत सुटलो. लाट आली आणि मी आडवा! नाकातोंडात खारं पाणी, डोकं कुठे, पाय कुठे, कळेना. म्हसोबापासून मारुतीपर्यंत सगळ्यांना नवस बोलून झाले. मेलो, मेलो म्हणेपर्यंत कुणीतरी माझी कॉलर धरली.

"पप्पा, उभं ऱ्हावा की!"

उभा राहिलो. पाणी गुडघाभर. पल्लवी सलवार वर खोचून, चपला हातात घेऊन आरामात चालत आली होती.

तिला घट्ट धरून मी किनाऱ्यावर आणलं. म्हणजे, खरं तर तिने मला आणलं. रडलो मी, खोटं कशाला बोलू? चारचौघांत, मोठ्याने रडलो.

म्हातारीने चूळ भरायला गोडं पाणी दिलं. "भरती हाय ती, दादा. रोज दोनदा येते, दोनदा जाते."

"रोज? येळेवर?"

"माझ्या आजीच्या आजीपासून. कधी चुकली नाय."

मी गारच पडलो! आमच्याकडे कालव्याला एकदा पाणी सोडायचं तर तीन बैठका, दोन निवेदनं, एक हाणामारी. आणि इथे दिवसातून दोनदा?

"मग हिचा टाइम ठरवतं तरी कोन?" मी विचारलं.

पल्लवी माझा सदरा पिळत होती. मान वर न करता म्हणाली, "कुनीच न्हाई, पप्पा. हितं सेक्रेटरी न्हाई ना, म्हनून तर पानी येळेवर येतंय."