बॉम्ब शेल्टरमधली अमेरिकन मंडळी

जुनी हत्यारं जमवणाऱ्या माणसांकडे हत्यारांपेक्षा किस्से जास्त साठतात. हत्यारं निदान पुसून ठेवावी लागतात. किस्से आपोआप वाढत राहतात आणि चारचौघांत बसलं की बाहेर पडतात.

आमची सिंगापूरची टोळी तिघांची. बुकित बातोकचे प्रभुणेकाका, बिशानचा गोखले आणि मी. काका इंजिनिअर म्हणून इथे आले आणि इथेच रिटायर झाले. गोखले आयटीत मॅनेजर आहे. मी रॅफल्स प्लेसला एका बँकेत बसतो. तिघांना वेड एकच, बंद पडलेल्या अमेरिकन कंपन्यांची सेकंडहँड हत्यारं! रंधे, करवती, पाने, पटाश्या. जाड पोलादाचं पातं, रोजवूडची मूठ आणि इतक्या वर्षांनंतरही दोन बोटांनी फिरणारा पितळी स्क्रू. असं काही दिसलं की आमचं जेवणावरचं लक्ष उडतं.

आमच्यात कंपनीचं नाव कोणी विचारत नाही. गाव विचारतात. हे जुने अमेरिकन लोक पोलादावर नावाखाली गावही ठोकून ठेवायचे. त्यामुळे कोणी नवीन वस्तू टेबलावर ठेवली की पहिला प्रश्न ठरलेला, "गाव कोणतं?" ओहायोकडचा पाना असेल तर काका मान डोलावतात. फिलाडेल्फियाची करवत निघाली तर गोखले खुर्चीतून उठतो. मॅसॅच्युसेट्सचा रंधा असेल तर काकूंना पुन्हा चहा टाकावा लागतो. आपल्याकडे मुलगी बघायला आलेली मंडळीसुद्धा गावाची इतकी चौकशी करत नाहीत.

*

एकदा गोखलेला सेकंडहँड मालाच्या अॅपवर एक मॅसॅच्युसेट्सचा रंधा दिसला. विकणाऱ्याचं नाव काहीतरी "वेस्ट साइड आयर्न" असं होतं. गोखलेने आम्हाला पत्ता लागू दिला नाही. कितीतरी दिवस तो त्या माणसाशी ऑफिसच्या इंग्रजीत बोलत होता. हा लिहायचा, "काइंडली कन्फर्म द कंडिशन ऑफ द ब्लेड." तिकडून उत्तर यायचं, "डिअर सर, युवर क्वेरी इज नोटेड."

शेवटी बिशान एमआरटी स्टेशनच्या गेटपाशी भेटायचं ठरलं. गोखले वेळेवर पोहोचला, तर समोर प्रभुणेकाका! गोखलेने फोन खिशात टाकला. काकांनी रंधा बघितला तर हातातून जाणार. त्याने सांगितलं की बायकोची वाट बघतोय. काका म्हणाले, डॉक्टरकडे आलोय. मग दोघं गप्पा मारत उभे राहिले आणि दोघंही एकमेकांच्या खांद्यावरून गर्दीत कोणीतरी गोरा माणूस शोधत होते. बराच वेळ झाला तरी कोणी हलेना.

गोखलेने मागे वळून मेसेज केला, "सर, व्हेअर आर यू?" काकांच्या पिशवीत फोन वाजला.

काकांनी शांतपणे पिशवीतून रंधा काढून त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "माझ्याकडे असे दोन आहेत म्हणून काढतोय. काकूला बोलू नकोस. तिला एकच माहीत आहे."

*

तोच रंधा गोखलेने घरी नेला आणि चकचकीत करायला घेतला. हा माणूस आयटीतला असल्यामुळे कुठे थांबावं हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. शनिवारी गंज काढला, रविवारी डाग काढले, मग खरवडायला काहीच उरलं नाही तरी पॉलिश पेपर चालूच. पुढच्या भेटीत त्याने रंधा टेबलावर ठेवला तेव्हा त्यात आमचे चेहरे दिसत होते.

काकांनी सवयीने विचारलं, "गाव कोणतं?" आणि चष्मा लावून वाकले. गाव नव्हतं. कंपनी नव्हती. "मेड इन यूएसए"सुद्धा नव्हतं. गोखलेने घासून घासून सगळं काढून टाकलं होतं.

काकांना खरंच वाईट वाटलं. सुतकात बसल्यासारखे ते बराच वेळ त्या गुळगुळीत रंध्यावर अंगठा फिरवत होते. गोखलेची मुलगी तन्वी बारा-तेरा वर्षांची, इथेच जन्मलेली. तिने एकदा रंध्याकडे बघितलं, एकदा बापाकडे. सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "नेव्हर माइंड, पापा. नाऊ मेड इन बिशान, लाह."

गोखलेला इथली सिटिझनशिप मिळून तेव्हा महिनाही झाला नव्हता.

*

लोकांचे मेहुणे अमेरिकेतून चॉकलेटं आणतात. माझ्या मेहुण्याला मी लोखंड आणायला लावलं. तो शिकागोला असतो, स्वभावाने गरीब आहे. त्याने आसपासच्या गावांतून जुन्या घरांच्या सामानाचे सेल पालथे घातले आणि एक गिरमिट, दोन करवती आणि पान्यांचं एक बोचकं घेऊन आला. बॅगेच्या वजनात एवढंच बसत होतं म्हणून कपडे घरी ठेवले.

आठवडाभर तो माझ्या टी-शर्टवर फिरला. त्याच्या सिंगापूर ट्रिपच्या सगळ्या फोटोंत छातीवर आमच्या बँकेचं नाव आहे. त्याच्या आईला अजून वाटतं की त्याने नोकरी बदलली.

*

इथल्या नव्या फ्लॅट्समध्ये लोखंडी दाराची एक खोली असते, बॉम्ब शेल्टर. बॉम्ब काही पडत नाहीत, त्यामुळे लोक तिथे सूटकेसेस आणि तांदूळ ठेवतात. काकांच्या शेल्टरमध्ये अमेरिकन मंडळी राहतात. इथल्या दमट हवेत गंज फार लवकर चढतो म्हणून काकांनी आत हवा कोरडी करायचं मशिन लावलंय, आणि ते दिवसभर चालू असतं.

बाहेर स्वयंपाकघरात काकूंचे पुण्याहून आणलेले पापड मात्र सादळायचे. शेवटी काकूंनी पापडाचा डबा उचलला आणि शेल्टरमध्ये ठेवून दिला. त्या शनिवारी आम्ही जेवायला होतो. पापड कुरकुरीत होते यात वाद नाही. पहिला तुकडा मोडल्यावर गोखले थोडा थांबला, नाकाशी नेऊन त्याने वास घेतला आणि म्हणाला, "काकू, हा ओहायोकडचा का?" मशिन ऑइलचा वास पुढच्या दिवाळीपर्यंत गेला नाही.

*

दरवर्षी खंडेनवमीला आम्ही काकांकडे जमतो. शेल्टरमधून सगळी हत्यारं बाहेर येतात, हॉलमध्ये चादरीवर मांडली जातात, काकू हळदकुंकू वाहतात, झेंडूची फुलं वाहतात. काका मागे कापड घेऊन उभे असतात, कारण कुंकवाच्या ओल्या बोटानेही पोलादावर डाग पडतो. काकू पुढे सरकल्या की काका लगेच पुसतात.

गेल्या वर्षी पूजा झाल्यावर गोखलेने एक पटाशी हातात घेतली, तर काका घाईने म्हणाले की ठेव, आज हत्याराला हात लावायचा नसतो, आज त्यांना विश्रांती.

काकू तबक घेऊन आत चालल्या होत्या. थांबल्या. "विश्रांती? कशाने दमलीत ती?"

आम्ही हसलो, पण काकू हसल्या नाहीत. त्यांनी तिथेच निकाल दिला. पुण्याहून आणलेला त्यांचा पाट एसीच्या हवेत तडकला होता. काकांनी या हत्यारांनी त्यांना नवा पाट करून द्यायचा. नक्षी नको, काही नको, साधा पाट. "पुढच्या खंडेनवमीला जे हत्यार कामाला आलं असेल त्याचीच पूजा करीन. बाकीची करंगगुनीला." करंगगुनी म्हणजे इथला भंगारवाला. ढकलगाडी घेऊन ब्लॉकखाली हॉर्न वाजवत फिरतो. काकू बोललेलं करतात हे आम्हाला ठाऊक होतं. काकांचा जुना सोफा असाच गेला होता.

*

लाकूड लवकर मिळालं. गोखलेच्या ब्लॉकखाली कोणीतरी सागाचा जुना पलंग टाकून दिला होता, त्याची फळी आम्ही टॅक्सीत घालून नेली. मग काकांनी धार लावायला घेतली. एकेका रंध्याचं पातं काढायचं, दगडावर घासायचं आणि डाव्या हातावरचे केस उडतात का बघायचं. दिवाळी गेली, चायनीज न्यू इयर गेलं. काकांच्या डाव्या हातावर केस उरला नाही. फळी मात्र आणली तशीच भिंतीला टेकून होती.

मी एकदा विचारलं की काका, सुरुवात कधी? तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात होते. घरी त्यांचा एकच अमेरिकन रंधा होता, फडक्यात गुंडाळलेला. मुलांनी त्याला हात लावायचा नाही अशी ताकीद होती. कारखाना बंद पडला त्या वर्षी तो रंधा विकला गेला. "वडील गेले त्याहून मला तेव्हा जास्त रडू आलं होतं," काका म्हणाले. "आता हात लावायला कोणी नाही म्हणत नाही. तरी होत नाही."

त्या दिवसापासून मला काकांची काळजी वाटायला लागली. हसण्यासारखं होतं, पण करंगगुनी खरंच आला तर या माणसाचं काय होईल ते मला दिसत होतं.

आणि गणपतीनंतर एका सकाळी काकांनी ग्रुपवर फोटो टाकला. पाट तयार! आम्हाला मदतीलाही बोलावलं नव्हतं. कोणत्या रंध्याने केला असं दोघांनी विचारलं, तर काकांनी नमस्काराचा इमोजी पाठवला.

*

यंदाची खंडेनवमी. चादरीवर अमेरिकन मंडळी ओळीने मांडलेली, समोर नवा पाट. गोखले गुडघ्यावर बसला, पाटावरून तळहात फिरवला आणि डोळे मिटून म्हणाला की हे मॅसॅच्युसेट्सचं काम आहे. असा हात आजच्या रंध्याला येणारच नाही, नवीन माल घेऊन असं करून दाखवा म्हणावं कोणालाही. मीही मान डोलावली. काका हातातल्या कापडाची उगाच घडी करत होते.

खालून हॉर्न ऐकू आला. काकूंनी करंगगुनीला आजचाच वार सांगून ठेवला होता.

काकू आत गेल्या आणि स्वयंपाकघरातून एक रंधा घेऊन आल्या. पिवळी प्लास्टिकची मूठ, कडेला दुकानाचा अर्धवट निघालेला स्टिकर. तांदळाच्या डब्यामागे सापडला म्हणाल्या. त्याच्या तोंडात सागाची एक पातळ साल अजून अडकलेली होती.

काका भिंतीकडे बघत होते. गोखलेला सवय, त्याच्या तोंडून गेलंच, "गाव कोणतं?"

"बुकित बातोक," काका म्हणाले. "खालचं दुकान." मग काकूंकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "एवढी धार केली, पण लाकडाला लावायचा धीर नाही झाला गं."

काकूंनी तो पिवळा रंधा पाटावर ठेवला. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं सगळ्यात मोठं फूल वाहिलं. मग चादरीवरच्या त्या चकचकीत ओळीकडे बराच वेळ बघितलं.

"हा घरचा," त्या म्हणाल्या. "आणि हे पाहुणे."

खाली हॉर्न पुन्हा वाजला. काकू उठल्या आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.