गजभियेकाकांनी उघडलेलं फुटस्टूल

गजभियेकाका पहिल्यांदा अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या आमच्या घरी आले, तेव्हा बसण्याआधी त्यांनी डायनिंगची खुर्ची उलटी केली. खालचा सांगाडा बोटांनी चाचपला, खुर्ची सरळ केली आणि मगच बसले. "सॉरी हं, सवय आहे," ते म्हणाले. "सीट आधी खालून बघायची. वरून सगळ्याच छान दिसतात."

काका मूळचे नागपूरचे. मोटारींच्या सीट डिझाइन करण्यात त्यांची नोकरीची सगळी वर्षं गेली. रिटायर झाल्यावर ते बेसमेंटमध्ये जुनं फर्निचर दुरुस्त करत. काकू गेल्या आणि काकांचा सगळा दिवसच तिथे जाऊ लागला. मग हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला, तेव्हा त्यांनी नवीन काम घेणं बंद केलं.

त्याच सुमारास माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिला पाय वर ठेवायला म्हणून मी शेजारच्या गल्लीतल्या जुन्या सामानाच्या एका सेलमधून फुटस्टूल आणलं. निमुळते सागवानी पाय, वर फाटकी गादी. कापड कुठे बदलून मिळेल, एवढंच विचारायला ते काकांकडे नेलं. त्यांनी ते उलटं केलं आणि एकेका पायाच्या सांध्यावरून बोट फिरवलं.

"डॅनिश आहे. साठ-पासष्ट वर्षांचं तरी असेल," शेवटी म्हणाले. "ठेवून जा. हे मी करतो."

मी दर शनिवारी जाऊन बसायचे. वरचा फोम कुणीतरी नंतर स्टेपल मारून उरकलेला होता. तो निघाल्यावर खाली मूळचं काम दिसलं: तागाच्या ताणलेल्या पट्ट्या, त्यांवर घोड्याच्या केसांचा थर, कडेने हातशिलाई. सांगाड्यात स्क्रू नव्हता. लाकूड लाकडात बसवलेलं. काकांनी माझं बोट आतल्या कडेवरून फिरवलं. ती बाहेरच्याइतकीच गुळगुळीत होती.

"इथे कुणाची नजर पोचणार नव्हती," ते हळूच म्हणाले. "तरी घासलंय बघ."

चहाचा कप धरताना त्यांच्या हातून चहा सांडायचा. गादीकामाची वाकडी सुई कापडात शिरली की मात्र हात शांत होई. मी बघत राही.

एका शनिवारी गेले तर काका आदल्या आठवड्याची एक अख्खी बाजू उसवत होते.

"एक टाका ढिला पडलाय," ते म्हणाले.

"काका, वरून कापड येणार. कोण बघणार आहे?"

"पुढच्या वेळी जो उघडेल, तो. मी नाही का बघितलं?"

मी खाली पडलेला उसवलेला दोरा गोळा करू लागले.

सहा आठवड्यांनी काका स्वतः फुटस्टूल घेऊन आले. राखाडी लोकरी कापड, कुठे सुरकुती नाही. आई खुर्चीत बसूनच त्याकडे बघत राहिली. "यावर पाय कसा ठेवू हो?"

"पायांसाठीच केलंय, ताई. ठेवला नाहीत तर करणाऱ्याला वाईट वाटेल." काका गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी आईचे पाय उचलून त्यावर ठेवले. आई संकोचली, मग सैलावली. काका तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"कडक लागतं का?"

"नाही हो."

"मग जमलं."

ते त्यांचं शेवटचं काम. पुढच्या हिवाळ्यात काका गेले. आईचा गुडघा आता बरा आहे, तरी संध्याकाळी ती फुटस्टूल पुढे ओढून त्याच खुर्चीत बसते. आणि पाय ठेवण्याआधी वाकून त्या लाकडाला हात लावते, तो हात कपाळाला लावते.