नारळाचं पाणी आणि आक्काचा मीटर

फोन आला तेव्हा मी सोनूला भात भरवत होते. आमच्या साइटवर फोन एकच, ऑफिसच्या खोलीत, आणि तिथला शिपाई पळत आला की मी हातातलं टाकून उठते, चांगल्या बातमीसाठी इथं कोण पळतंय. तो म्हणाला, "वहिनी, धुळ्याचा फोन होता... तुमची आक्का गेली." मी म्हटलं, कुठं गेली? खरंच तसंच विचारलं, कारण आक्का सारखी कुठंतरी जातच असायची, कुणाचं तरी मशीन बंद पडलेलं असायचं...

आक्का म्हणजे माझी मोठी नणंद. धुळ्याला आयटीआय केलेली, आधी रेडिओ-टीव्हीच्या दुकानात बसायची, मग हायवेवरच्या गॅरेजात मोठमोठ्या मशीनींची वायरिंग बघायला लागली. आवाज असा की गल्लीच्या टोकाला कळायचं आक्का आली. आणि फुशारकी तर विचारू नका. "पूर्ण खानदेशमा मन्हासारखी दुसरी दाखाड," असं ज्याला त्याला म्हणायची. काविळीनं गेली. दवाखान्यातसुद्धा डॉक्टरला म्हणाली म्हणे, नुसता हात काय धरता, मीटर लावा.

मला तिची भीती वाटायची. मला सगळ्याचीच वाटते, मी सातवी शिकलेली, लग्न होऊन एकदम या धरणाच्या कामावर आले, पिंपळनेरच्या पुढं, पत्र्याची खोली आणि दिवसभर धडधड. आमचे हे पोकलेन चालवतात, ते माती उकरायचं मोठं मशीन. मागच्या खंडेनवमीला यांनी मशीन धुतलं, झेंडूच्या माळा घातल्या, हळद-कुंकू वाहिलं. मशीनचे मालक, शेठ, स्वतः आले होते. नारळ मशीनच्या खालच्या साखळीवर फोडतात, पण शेठ हौशी माणूस, म्हणाले ड्रायव्हर बसतो तिथंच देवी बसते, आणि केबिनमध्ये चढून सीटच्या मागच्या लोखंडावर दणकन फोडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी पण वाजवल्या.

दिवाळी झाली आणि मशीन रुसलं. चालू व्हायचं पण जोर नाही, बकेट अर्ध्यात थांबायची, समोरच्या छोट्या पडद्यावर कसले तरी आकडे यायचे, आणि मध्येच पुन्हा नीट चालायचं. मॅनेजर म्हणाला ड्रायव्हरनंच मुद्दाम वायर ओढलीय, याला काम नको. कंपनीचा इंजिनिअर आला, भला माणूस, त्यानं आकडे वाचले आणि सांगितलं की मशीनमधल्या दोन डब्यांचं एकमेकांशी बोलणं तुटतंय, डबा बदलावा लागेल, तो परदेशातून येईल. तोवर कोण थांबतंय? मॅनेजरनं यांना सांगून टाकलं, सोमवारी दुसरा ड्रायव्हर येतोय, खोली खाली करा, आणि तोपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. मुद्दाम मशीन बिघडवणारा असं एकदा नाव झालं की धुळे-जळगावात कुठल्या साइटवर उभं करतील का? हे जेवले पण नाहीत. मग मीच ऑफिसात जाऊन धुळ्याला फोन लावला.

आक्का रविवारच्या एसटीनं उतरली, खांद्याला रेक्झिनची पिशवी. मॅनेजर हसला, "बाई, हा मिक्सर नाही."

"मालूम शे भाऊ. मिक्सर इतला धूर नही सोडस."

"तुमच्या भावानं मशीनला हात लावायचा नाही."

"नको लावू दे. मन्ही भावजय लावई." आणि माझ्याकडं वळून, "चाल व माय, चढ वर."

मी! सोनू कडेवर, आणि मी त्या केबिनमध्ये. आक्का खालून सांगत होती, म्हणजे ओरडतच होती, "दोन डबा शेतस. एक इंजिनना, एक पंपना. दोन वायरीवर त्या एकमेकसंगे बोलतस. बोलनं तुटनं का पंप म्हनस, माले कोनी काही सांगं नही, मी आपला हळूच चालस." इंजिनिअर अजून साइटवरच होता, तो वायरिंगचा नकाशा धरून कुठली वायर ते दाखवत होता. चावी काढली, आक्कानं पिशवीतून मीटर काढून त्या दोन वायरींना लावला. दोन्ही टोकं जोडलेली असली तर साठ ओहम यायला पाहिजे होतं, एकशेवीस आलं. "देखा साहेब, एक टोक बहिरं शे," ती म्हणाली. साहेब म्हणाला, "हो, पण कुठं?" ते काही सापडेना. वायर वरून अगदी चांगली.

तेवढ्यात सोनू किंचाळला. मी त्याला सीटवर ठेवला होता, त्याच्या पायाला मुंगी डसली होती. बघते तर लाल मुंग्यांची रांग, सीटच्या खालून मागच्या झाकणात. मी ओरडले, "आक्का, मुंग्या!"

"आता मुंग्यांनी मशीन बंद पाडलं वाटतं," मॅनेजर म्हणाला.

आक्का हसली नाही. "मुंग्या आठे काय खातीस व? लोखंड?"

आणि मला कुठून धीर आला कोण जाणे, रोज गुळाचा डबा पाण्यात ठेवणारी बाई मी, म्हटलं, "आक्का, इथं गोड सांडलंय."

झाकण काढलं. आत वाळलेला खोबऱ्याचा तुकडा, खाली वायरींचा जोड, चिकट, हिरवागार, आतली एक पिन कुजलेली. नारळाचं पाणी! मॅनेजर यांच्याकडं बोट करून म्हणाला, "बघा, यानंच इथं नारळ फोडला." तेव्हा वॉचमन हळूच बोलला, "साहेब, शेठनी फोडला. तुम्ही टाळ्या वाजवल्या ना."

आक्का इतकी हसली, इतकी हसली की खाली बसली. "देवीले काही म्हनू नका, देवी पावनी. पानी मुरनं!"

इंजिनिअरनं जोड धुतला, आक्कानं नवी पिन बसवली. मीटरवर साठ. यांना वर बसवलं, आणि यांनी पोकलेनचा हात असा वर नेला, हत्तीनं सोंड उचलावी तसा, आणि हॉर्न वाजवत राहिले. मी रडत होते, आक्का नाचत होती. दुसरा ड्रायव्हर आलाच नाही. शेठ आता नारळ लांब दगडावर फोडतात.

जाताना आक्कानं आपला जुना मीटर मला देऊन टाकला. मग जेव्हा यायची तेव्हा शिकवायची, लाल कुठं, काळी कुठं. सोनूला हसवायला मीटरची दोन्ही टोकं एकमेकांना लावायची, पीं वाजायचं, तो टाळ्या पिटायचा.

तिचं तेरावं करून आम्ही परत आलो आणि आठवड्यात पडद्यावर पुन्हा आकडे. मॅनेजर स्वतः दारात, "वहिनी, आक्काचा मीटर आहे ना तुमच्याकडं?" मी म्हटलं मला नाही जमणार... पण सोनूला यांच्याकडं दिलं आणि गेले. चावी काढली. एकशेवीस. जोड बघितले, कोरडे. मग एकेक वायर धरून बघत गेले, आक्का धरायची तशी, आणि केबिनच्या पायरीखाली एक सापडली, घासून घासून आतून तुटलेली. यांनी सोलून जोडली. मी मीटरची टोकं त्या वायरीच्या दोन्ही बाजूंना लावली.

पीं वाजलं. सोनूनं यांच्या खांद्यावरून मान वळवली, टाळी पिटली आणि ओरडला, "आत्या!"