श्वास घेतला की पेन्सिल उचलायची

आमच्या ऑफिसात किस्से साठतात ते माळ्यावर रिकामे खोके साठतात तसे. ठेवताना वाटतं, असू दे, लागेल कधीतरी. मग एक दिवस माळा उघडावा तर सगळे अंगावर! यंदा माझ्या अंगावर आले ते एस्तेरच्या लग्नपत्रिकेमुळे.

आमचं ऑफिस म्हणजे केडगावात पिठाच्या गिरणीच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. लग्नपत्रिका, मिठाईचे बॉक्स, दुकानांचे बोर्ड, असलं सगळं डिझाईन आम्ही करतो. मालक जयंतसर. कॉम्प्युटरवर मी. आणि हाताने काढायचं ते सगळं शमुवेलकाकांकडे. एस्तेर ही काकांची एकुलती एक लेक. अर्ध्या नगरच्या पत्रिका ज्यांच्या हातून निघाल्या, त्या माणसाला स्वतःच्या मुलीच्या पत्रिकेवर एक रेघ ओढता येईना! नाताळ झाला की लग्न, दिवाळी होऊन गेलेली, आणि कागद कोरा.

का, ते सांगते. पण त्याआधी आमचा शनिवार सांगायला हवा.

शनिवारी संध्याकाळी गिरणी लवकर बंद होते. गिरणीवाले गफूरभाई हात झटकत वर येतात आणि पेटी उघडतात. गायला कुणी ना कुणी येतंच. कधी कोल्हारची भजनी मंडळी, कधी शाळेतल्या संगीताच्या बाई, कधी एखादा कॉलेजचा मुलगा. मधे सतरंजी, आणि आम्हा प्रत्येकाच्या मांडीवर कागद. नियम एकच, काकांनी घालून दिलेला. गाणं चालू तोवर रेघ चालू. गाणाऱ्याने श्वास घेतला की पेन्सिल उचलायची. त्यातून जी वेल, जी नक्षी निघेल ती पुढच्या आठवड्याच्या कामाला.

खालून आलेलं पीठ खिडकीतल्या तिरप्या उन्हात तरंगत असतं. गफूरभाईंच्या बोटांनी पेटीच्या पट्ट्याही माखलेल्या. एकदा एका पाहुण्या गायकाने विचारलं, "काळी दोन मिळेल का?"

गफूरभाई म्हणाले, "आमच्याकडं सगळ्या पांढऱ्याच हायेत. तुमी गा, मी शोधतो!"

*

मी पुण्यात कोर्स करून आले होते. पहिल्या शनिवारी काकांनी हातात पेन्सिल दिली तेव्हा मला हसूच आलं. अहो, माझ्या कॉम्प्युटरमध्ये हजार वेली तयार आहेत!

"त्या वेलींना कुणी पाणी घातलंय का?" काका म्हणाले.

बसले मुकाट्याने. पेढ्यांच्या बॉक्ससाठी काठ काढायचा होता. संगीताच्या बाई गात होत्या, आणि खरं सांगते, पाचव्या मिनिटाला मी कुठे आहे ते मला कळेना. हात आपोआप चालला होता. इतक्यात बाईंना जोरात खोकला आला. नियम म्हणजे नियम! मी पेन्सिल उचलली आणि खोकला थांबेपर्यंत धरूनच ठेवली. कागदावर वेलीच्या मधोमध ही एवढी फट.

बॉक्स बघून पेढेवाल्याने विचारलं, "इथं रिकामं का सोडलंय?"

जयंतसरांनी चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाले, "तिथं वेलची आहे."

पेढेवाला खूष! तो बॉक्स आजही तसाच छापतो आम्ही.

*

जयंतसरांना गाण्यातलं काहीही कळत नाही. पण एक शनिवार चुकवत नाहीत. भिंतीला टेकतात, डोळे मिटतात, आणि दुसऱ्या गाण्याला घोरू लागतात. विचारलं तर म्हणतात, "मी रंग बघत असतो."

एका शनिवारी गायला येणाराच आला नाही. गफूरभाई आपले पेटीवर हलकेच काहीतरी वाजवत बसले आणि सर दहा मिनिटांत गाढ. काकांनी एकदा सरांकडे पाहिलं, एकदा कागदाकडे. गादीच्या दुकानाची जाहिरात करायची होती. काकांनी सरांच्या घोरण्यावर पेन्सिल धरली! लांब, गोल, सावकाश लाटा, आणि मधे मोठमोठ्या जागा.

सोमवारी गादीवाला आला. कागदाकडे बघता बघता त्याने जांभई दिली.

"सर, लई भारी! बघूनच झोप यायला लागली! हे सुचतं कसं तुमाला?"

"साधना आहे," सर म्हणाले.

*

कॉलेजचा तो गिटारवाला मुलगा आला तो दिवसही विसरण्यासारखा नाही. गायला लागला आणि श्वासच घेईना! शब्दांमागून शब्द, नुसती धार. काका बिचारे पेन्सिल उचलायची वाट बघताहेत. रेघ कागदाच्या या कडेपासून त्या कडेला गेली, वळली, परत आली. गाणं संपलं तेव्हा काकांनाच धाप लागली होती.

ते डिझाईन गेलं कोल्हारच्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानाला. सगळी अक्षरं एकमेकांत गुंतलेली, कुठे म्हणून जागा नाही. मी म्हटलं, आता शिव्या खायच्या. मालकाने बोर्डावरून बोट फिरवलं, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत.

"झकास! येवढी लांब वायर आन् येक जॉइंट न्हाई!"

*

आता राहात्याचे बाबूराव. पेरूची बाग आहे त्यांची. पेरूच्या खोक्यावर छाप हवी म्हणून ते पहिल्यांदा आले, चुकून शनिवारी आले, आणि सतरंजीवर बसले ते बसलेच. नंतर दर शनिवारी टेम्पोवाल्याच्या शेजारी बसून येऊ लागले.

एकदा म्हणाले, "ताई, ह्या मागच्या म्हैन्यातल्या वेलीत भजनी बुवा गात्यात."

मी म्हटलं, "तुम्ही कुठे होता त्या दिवशी?"

"नव्हतोच की. पन दिसतंय ना! बुवा दोन वळी येका दमात घेत्यात, मंग गडबडीनं श्वास वढत्यात. ही बघा जागा."

आम्हाला वाटलं, अंदाज लागला असेल. मग परीक्षाच घेतली. जुने दहा कागद काढून पुढ्यात टाकले. बाबूरावांनी एकेक उचलून उन्हाकडे धरला. हा बुवांचा. हा शाळेतल्या बाईंचा. हा त्या बिनश्वासाच्या पोराचा. एका कागदावर ते बराच वेळ थांबले.

"ह्या काकू. पन मधीच पानी प्याल्या व्हय?"

प्यायल्या होत्या! तांब्या मीच दिला होता. जयंतसरांच्या घोरण्याचा कागदही त्यात होता. तो पाहून बाबूराव म्हणाले, "ह्यो गानारा म्हाईत न्हाई, पन मानूस समाधानी दिसतोय."

*

काकू म्हणजे शमुवेलकाकांच्या सुशीलाकाकू. हा सगळा नियम आला तोच त्यांच्यापासून. काका तेव्हा तरुण पेंटर होते, चर्चच्या भिंतीवर वचन रंगवायला शिडीवर चढले होते. खाली सुशीलाबाई एकट्याच रविवारच्या गाण्याची तालीम करत होत्या. काकांच्या नकळत ब्रश त्यांच्या आवाजाबरोबर चालायला लागला. त्यांनी श्वास घेतला की ब्रश उचलायचा. संध्याकाळी पाळकसाहेबांनी भिंत पाहिली आणि म्हणाले, "शमुवेल, आज अक्षरांना जीव आलाय. काय केलंस?"

काकांनी दुसऱ्या दिवशी पुसून पुन्हा लिहिलं. तिसऱ्या दिवशीही! शेवटी सुशीलाबाईच शिडीखाली येऊन म्हणाल्या, "अहो, किती वेळा लिहिणार? गाणं संपलं माझं."

लग्नानंतर काकूंनी शनिवार कधी चुकवला नाही. त्या खिडकीजवळ बसायच्या. आवाज काही मोठा नव्हता, पण त्या गायला लागल्या की खोली आहे तिथून जरा वर उचलली जायची. हे मी आता रंगवून सांगतेय असं नका समजू. तरंगणारं पीठसुद्धा खाली बसायचं थांबतंय असं वाटायचं मला.

गेल्या वर्षी त्यांच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. पण आवाज गेला. बोलतात, तेही कुजबुजल्यासारखं. गाण्याचं डॉक्टरांनी काही खरं नाही म्हणून सांगितलं. काकूंनी शनिवारी येणं बंद केलं. आम्ही बोलवायला गेलो तर चहा दिला, चिवडा दिला आणि विषय बदलला. जिना उतरताना मी रडले, आणि जयंतसरांनी मी न मागताच आपला रुमाल पुढे केला.

काका येत राहिले. बुवांच्या गाण्यावर काढत, बाईंच्या गाण्यावर काढत. गिऱ्हाइकांची कामं होत होती. एस्तेरच्या पत्रिकेचा कागद तेवढा बाजूला पडलेला असायचा.

*

आम्ही काय काय नाही केलं! मी चार डिझाईनं कॉम्प्युटरवर करून दाखवली. काका म्हणाले, "छान आहेत. दुसऱ्या कुणाच्या मुलीला दे." संगीताच्या बाई खास पत्रिकेसाठी म्हणून गायल्या. काका शेवटपर्यंत पेन्सिल धरून बसले आणि कागद तसाच घडी करून ठेवला.

मग मला आठवलं, माझ्या मोबाईलमध्ये काकूंचं एक जुनं रेकॉर्डिंग आहे. मोठ्या उत्साहाने लावलं. काकांनी दोन ओळी ऐकल्या आणि हळूच मोबाईल पालथा केला.

"हा श्वास घेऊन झालेला आहे गं, वृषाली."

एस्तेर बिचारी फोनवर म्हणाली, "ताई, बाबांना सांगा, कसली पण चालेल पत्रिका." मी सांगितलं नाही. तिला कसली पण चालणार नव्हती, आणि त्यांनाही.

*

डिसेंबरचा पहिला शनिवार. गायला बुवा यायचे होते, पण त्यांचा निरोप आला, सर्दी झाली. पेरूची तोडणी चालू म्हणून बाबूराव तर महिनाभर फिरकलेच नव्हते. आम्ही चौघंच. आता सर घोरतील आणि पत्रिकेवर लाटा येतील, असा विचार माझ्या मनात येतोय तोच जिन्यावर पावलं वाजली.

काकू! हातात पिशवी. आल्या त्या सरळ काकांसमोर उभ्या राहिल्या आणि त्या कुजबुजत्या आवाजात झापायला लागल्या.

"आज काढणार आहात, का बाजारातून छापील आणू? पोरीने लोकांना काय तोंडी बोलवायचं?"

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. खिडकीजवळची जागा रिकामीच होती, तिथे कुणी बसत नसे. त्या तिथे जाऊन बसल्या, नुसतं दमल्यामुळे बसावं तशा. गफूरभाईंचा हात सवयीने पेटीवर गेला आणि काकूंचा सूर वाजला. वाजला आणि ते दचकले, "माफ करा ताई," म्हणून भाता सोडणार, तर काकूंनी हाताने खूण केली. वाजवा.

गफूरभाईंनी काकूंचं नेहमीचं गाणं धरलं. काकूंनी डोळे मिटले. ओठ हलेनात, आवाज तर नव्हताच. फक्त खांदे हलले. जरासे वर, मग सावकाश खाली. पुन्हा वर.

मी काकांकडे पाहिलं. त्यांची नजर काकूंच्या खांद्यांवर होती, आणि पेन्सिल चालत होती.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. ऊन सतरंजीवरून भिंतीवर गेलं. जयंतसर टक्क जागे होते, पहिल्यांदाच. पेटी थांबली तेव्हा काकूंनी डोळे उघडले आणि कुजबुजल्या, "अंतऱ्यात एका जागी दम गेला."

काकांनी कागद त्यांच्यापुढे धरला आणि वेलीच्या डाव्या बाजूला बोट ठेवलं. "माहितीय. इथं."

मी म्हटलं, "काका, तेवढं मी कॉम्प्युटरवर नीट करून घेते."

दोघंही एकदम म्हणाले, "हात लावू नकोस!"

पत्रिका छापली तशीच. क्रीम कागद, पानांची हिरवी वेल, मधे एस्तेरचं नाव. टपालाने गावोगाव गेली.

चार दिवसांनी बाबूरावांचा फोन आला. मागे पेरूची खोकी ठोकल्याचा आवाज, आणि हे भलतेच तावात.

"ताई, पत्रिका पोचली. पन ह्ये काय वागनं झालं व्हय तुमचं? काकू गायला लागल्या, आन् आमाला येक फोन न्हाई?"

मी टेबलावरची पत्रिका उचलून उन्हाकडे धरली.

"अंतऱ्यात येका जागी दम गेलाय त्यांचा," बाबूराव म्हणाले. "पन सांगा त्यास्नी, आवाज लई गोड लागलाय."