भावाने वर केलेला हात

माझा धाकटा भाऊ गाणारा. भजनातला नव्हे. खांद्यापर्यंत केस सोडून, पायाशी फेंदारलेली विजार घालून पुण्यात इलेक्ट्रिक गिटारीपुढे ओरडणारा. त्याला रॉक म्हणतात, असे तो सांगायचा. मी एकदा ऐकले. गावी शिवऱ्याला आमच्या गोठ्यात म्हैस विताना अडली होती, तेव्हा तिचा असाच आवाज लागला होता.

सुरुवात भोरच्या लग्नाच्या बँडात झाली. हा कर्ण्याच्या माइकपुढे गायचा. हात वर करून सूर ओढला की मागचे सगळे एकदम वाजवायला लागायचे. क्लॅरिनेटवाला आवाज दाबतो म्हणून तो बँड सोडला. नसरापूरचा धरला, तर तिथली टोपी केस चेपते म्हणून तोही सोडला. मग पुण्याची पोरे. ती दर पावसाळ्यात भांडून फुटायची आणि हा नवी गोळा करायचा. सगळीकडे पुढे हाच. मागे कोण उभे आहे, हे त्याने कधी वळून पाहिले नाही.

पुढे धाकट्या बहिणीचे लग्न वरवे गावात ठरले. नवऱ्या मुलाच्या आईने भावाचे केस पाहिले आणि मला विचारले, "तुमच्यात गडी बी वेण्या घालत्यात व्हय?" मी हसण्यावारी नेले. पण बाई कडक होती. एवढे-तेवढे कारण मिळाले असते तर लग्न मोडले असते.

लग्नाला भोरचाच बँड होता. भाऊ म्हणाला, "आक्का, एक मंगलाष्टक म्या म्हननार. सारं गाव ऐकंल."

"गाव जेवायला आलंय," मी म्हणाले. पण आईने हो म्हटले.

शेवटचे मंगलाष्टक भटजींचे, त्याच्या आधीचे याचे. 'सावधान' ओढताना याने डोळे मिटले आणि सवयीने हात वर केला. बँडवाल्यांना ती खूण पाठ. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. बँड वाजला म्हणजे लग्न लागले, असे समजून अंतरपाट धरणाऱ्या दोघांनी तो खाली सोडला. हार गळ्यात पडले, उरल्यासुरल्या अक्षता उडाल्या, माणसे पंगतीकडे निघाली. भटजी तोंड उघडे टाकून उभे.

मुलाची आई पाटावर बसली ती उठेना. "अर्ध्या लग्नाची सून म्या न्हेनार न्हाई. उद्या काय झालं तर लोक मलाच बोल लावत्याल." आमचे वडील हात जोडून उभे राहिले. बहीण गळ्यातल्या हाराकडे बघत होती.

मी भटजींना विचारले, मुहूर्त सरला का? नाही म्हणाले.

"मग हार काढा आन् लगीन पुन्यांदा लावा."

"लावा," ती बाई म्हणाली. "पर त्यो केसवाला गप ऱ्हाईल का?"

मी खाली पडलेला अंतरपाट उचलला आणि त्याचे एक टोक भावाच्या हातात दिले. "धर. दोनी हातांनी. आन् त्वांड मीट."

त्याने धरला. भटजींनी आपले मंगलाष्टक सावकाश म्हटले, बँडवाले त्यांच्याकडेच बघत राहिले. मग अंतरपाट निघाला आणि ती बाई उठून पंगतीला बसली. बहिणीचा संसार पुढे नीट झाला.

पंगतीत भाऊ शेजारच्याला सांगत होता, बँडवाल्यांना ताल कळत नाही. पुढच्या महिन्यात त्याने आणखी नवी पोरे जमवली.