पोटातली किंकाळी

साकोलीहून भंडाऱ्याला येताना एसटीत शेजारच्या बाई मोबाइलवर भुताचा जुना विलायती सिनेमा पाहत होत्या. झाडीपट्टीच्या नाटकांत आयुष्यभर किंकाळ्या मारल्या, असं त्यांनीच सांगितलं. पडद्यावर पांढऱ्या गाऊनातली नायिका रक्तपिपासू सरदाराला पाहून किंचाळली. बाईंनी नाक मुरडलं.

"गळ्यातून ओरडते. पोटातून पाह्यजे. अन् एवढी बोंबलून राहिली, तर गावातलं कोणीच काहून धावत नाही, भाऊ?"

मग पदर खोचून त्यांनी खरी किंकाळी मारून दाखवली. मी कानांत बोटं घातली. बस करकचून थांबली.

तिकिटाच्या मशीनवरून मान वर न करता कंडक्टरने विचारलं, "कारधा कोण उतरते?"

बाई माझ्याकडे वळल्या. "पाह्यलं? काय झालं म्हणून इथंबी कोणी नाही पुसलं."

माझी बोटं कानांतच होती, तरी हे अगदी स्पष्ट ऐकू आलं.